नाताळची सुट्टी नेमकी कोणाची?

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की आमच्या धंद्यात 'कोड फ्रीझ' लागतो. म्हणजे जानेवारी सुरू होईपर्यंत चालू सिस्टिममध्ये कोणीही नवीन काही घालायचं नाही. कारण साधं आहे. तिकडे क्लायंटची अर्धी माणसं सुट्टीवर असतात आणि काही बिघडलंच तर निस्तरायला कोणी नसतं. त्यामुळे लोअर परळच्या एखाद्या काचेच्या इमारतीत बसलेले सावंत, शेख, कांबळे, जोशी असे सगळेच दहा दिवस जरा सैल होतात. कोणी गावाला जाऊन येतं, कोणी भावाचं लग्न उरकून घेतं, कोणी वर्षभर रखडलेलं डॉक्युमेंटेशन लिहितं (निदान सकाळच्या मीटिंगमध्ये तसं सांगतं तरी). यातल्या बहुतेकांच्या घरी नाताळ नसतो. नाताळची सुट्टी मात्र असते.

ही आयटीची कृपा आहे असं वाटू शकतं. पण मुंबईत हा प्रकार जवळजवळ १४० वर्षं जुना आहे, आणि त्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग गिरगावपासून चालत जाण्याच्या अंतरावर झाला.

१८८५ साली देशभरातल्या शिकलेल्या लोकांची एक परिषद पुण्यात भरवायचं ठरलं. तारखा काढल्या होत्या नाताळाच्या आठवड्यातल्या. ऐनवेळी पुण्यात कॉलरा पसरला आणि परिषद मुंबईला हलवावी लागली. २८ डिसेंबरला गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेच्या इमारतीत ७२ प्रतिनिधी जमले. दादाभाई नौरोजी होते, फिरोजशहा मेहता होते, काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. अध्यक्ष होते कलकत्त्याचे बॅरिस्टर व्योमेशचंद्र बॅनर्जी. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचं हे पहिलं अधिवेशन. इतिहासाच्या पुस्तकात आपण ही तारीख पाठ करतो, पण असला देशव्यापी मेळावा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच का, हे कोणी विचारत नाही.

जमलेली माणसं कोण होती ते बघा. वकील, प्राध्यापक, संपादक, व्यापारी. कलकत्त्याच्या किंवा मद्रासच्या वकिलाला मुंबईला यायचं तर नुसत्या रेल्वेप्रवासातच जाऊन-येऊन कितीतरी दिवस मोडायचे. एवढे दिवस अशिलांना वाऱ्यावर सोडून कोण येणार? पण नाताळात साहेबाचं कोर्ट बंद. न्यायाधीश सुट्टीवर, कॉलेज बंद, सरकारी कचेऱ्या थंड. साहेब आपला सण साजरा करण्यात गुंतला असताना त्याच्याच सुट्टीत त्याच्या राज्यकारभाराचा हिशेब मांडायला ही मंडळी बसली. पुढची कित्येक वर्षं काँग्रेस बहुतेक वेळा नाताळाच्या आठवड्यातच भरत राहिली. १८८९ साली ती पुन्हा मुंबईत आली तेव्हा प्रतिनिधींची संख्या बरोब्बर १८८९ होती, हा योगायोग त्या काळात फार गाजला. त्या अधिवेशनाला इंग्लंडहून खास पाहुणा आला होता चार्ल्स ब्रॅडलॉ, पार्लमेंटचा सभासद आणि जाहीर नास्तिक. ब्रिटनमधल्या सगळ्यात प्रसिद्ध नास्तिकाने नाताळाचा आठवडा मुंबईत काँग्रेसच्या मांडवात घालवला, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

हे वेळापत्रक बदललं ते १९२९ च्या लाहोर अधिवेशनात. पूर्ण स्वराज्याच्या ठरावामुळे ते अधिवेशन सगळ्यांना माहीत आहे. तिथेच आणखी एक छोटा, व्यवहारी ठराव झाला, की डिसेंबरच्या थंडीत गरीब माणसाला गरम कपड्यांचा खर्च परवडत नाही, म्हणून अधिवेशन यापुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावं. पुढचं अधिवेशन कराचीला झालं, मार्च १९३१ मध्ये. वकिलांची परिषद गरिबांची व्हायला निघाली तेव्हा नाताळची सुट्टी सुटली.

सुट्टीला कायद्याचं कागदपत्रही होतं. चेक आणि हुंड्यांचे व्यवहार नीट व्हावेत म्हणून १८८१ साली निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आला. एखाद्या हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर काय करायचं, हा त्यातला एक प्रश्न. म्हणून कलम २५ मध्ये सार्वजनिक सुट्टी म्हणजे काय ते लिहावं लागलं. त्यात नावानिशी होते रविवार, नववर्षदिन, नाताळ आणि गुड फ्रायडे. बाकीचे दिवस सरकार वेळोवेळी जाहीर करील, एवढंच. दिवाळी आणि ईद या 'बाकीच्या' दिवसांत. पुढे त्या कलमातले शब्द बदलले, पण बँकेची सुट्टी आजही याच कायद्याखाली जाहीर होते. बँकहॉलिडेची यादी तुम्ही फोनवर शोधता तेव्हा त्यामागे हा १८८१ चा कायदा असतो.

मात्र ही सगळी सुट्टी टेबलाशी बसणाऱ्यांची होती. त्याच वर्षांत परळ-लालबागच्या गिरण्यांमध्ये सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चालायचं. नाताळ सोडा, हक्काचा रविवारही नव्हता. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. नारायण मेघाजी लोखंडे हे त्यामागचे माणूस. सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातली पहिली मागणी होती आठवड्याला एक पूर्ण सुट्टी, रविवारी. दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी, पगार वेळेवर मिळणं, कामावर जखमी झाल्यास भरपाई या मागण्या त्यानंतर.

रविवारच का? गिरणीमालकांच्या कचेऱ्या, बँका, कोर्टं सगळं रविवारी बंद असायचं, तेव्हा मागायला हा दिवस सोपा होता. पण हा साहेबाचा चर्चचा दिवस मागून घेताना लोखंड्यांनी खंडोबाचा वार पुढे केला, ही गोष्ट गिरणगावात आजही सांगतात. सातारा-पुण्याकडून आलेल्या कामगारांच्या घरात रविवार जेजुरीच्या देवाचा होताच. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, त्यात दोन बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण सोफ्यावर लोळत जो रविवार घालवतो तो असा आलाय. चर्चची घंटा आणि खंडोबाचा भंडारा यांच्यातून वाट काढत.

याच नाताळाच्या आठवड्यात परळमधून एक वेगळीच मोहीम निघाली. १९२७ साल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत होते आणि बहिष्कृत हितकारिणी सभेचं ऑफिस दामोदर हॉलमध्ये होतं. मुंबईचे सत्याग्रही २४ डिसेंबरला 'पद्मावती' बोटीने निघाले. २५ ला दुपारी दासगावला उतरले, तिथून मिरवणुकीने महाडला पोहोचले. मंडपासाठी गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. त्या रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. ठराव मांडला होता गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. जगभर चर्चमध्ये लोक जमले होते त्या रात्री हे घडलं. आज दादर-परळमध्ये २५ डिसेंबरला एका गल्लीत चांदणी लागलेली असते आणि पुढच्या गल्लीत मनुस्मृती दहन दिनाचा फलक. दोन्हींकडे लक्ष असणारी घरंही आहेत.

इथवरची गोष्ट सुट्टीची झाली. ज्यांचा हा सण आहे ती माणसं यात कुठे दिसली नाहीत. त्यांना भेटायला गवालिया टँकवरून गिरगावात यायला हवं.

आधी शब्द बघू. हिंदीत नाताळाला 'बडा दिन' म्हणत आले. आपण मराठीत 'नाताळ' म्हणतो, आणि हा शब्द इंग्रजांच्याही आधीचा आहे. पोर्तुगीजमध्ये ख्रिसमसला 'नाताल' म्हणतात. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर सव्वाशे वर्षांत या किनाऱ्यावरच्या भाषेत पाव, बटाटा, चावी, बादली, साबण असे शब्द शिरले. पगारही त्यातलाच. नाताळ आणि पगार एकाच बोटीतून उतरले, आणि महिनाअखेरीला अजूनही दोघे एकत्र आठवतात. दादरला गोखले रोडवरच्या ज्या थांब्याला सगळे 'पोर्तुगीज चर्च' म्हणतात, ते चर्च १५९६ चं. आजची इमारत चार्ल्स कोरियांनी आखलेली, १९७० च्या दशकातली. उतरत्या काँक्रीटच्या कौलासारखी. बाजूने रोज जाणाऱ्या किती जणांनी ती मान वर करून पाहिली असेल, कोण जाणे.

पोर्तुगीज काळात इथले कोळी, शेतकरी, भंडारी, आगरी यांतली अनेक कुटुंबं ख्रिस्ती झाली. बाहेरून कोणी आलं नव्हतं, माणसं इथलीच, बोली मराठीच. पुढे रेल्वे आणि कचेऱ्यांमधल्या नोकऱ्यांसाठी गोव्याचे आणि मंगळूरचे ख्रिस्ती मुंबईत यायला लागले. तेव्हा आपण वेगळे, इथले मूळचे, हे सरकारदरबारी दाखवायची गरज पडली. १८८७ हे राणी व्हिक्टोरियाच्या राज्याचं सुवर्णमहोत्सवी वर्ष होतं. तो मुहूर्त साधून या लोकांनी ईस्ट इंडिया कंपनीची आठवण करून देणारं नाव घेतलं. ईस्ट इंडियन. गोव्याच्या पूर्वेशी याचा काही संबंध नाही, मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणारे लोक स्वतःला 'ईस्ट' म्हणवतात ते नोकरीपायी. घरात मात्र भाषा मराठीच राहिली.

गिरगावातली खोताची वाडी यांचीच, पण तिचं नाव एका पाठारे प्रभूचं. दादोबा वामन खोत यांची ही जमीन. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी तिचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना दिले. त्यावर लाकडी घरं उभी राहिली, पुढे उघडे व्हरांडे, बाहेरून वर जाणारे जिने. एकेकाळी अशी ६५ घरं होती, आता निम्म्याहूनही कमी उरलीत. आजूबाजूला ब्राह्मणांच्या, सारस्वतांच्या, पाठारे प्रभूंच्या वाड्या आणि चाळी. एकाच्या तळणीचा वास दुसऱ्याच्या ओटीवर पोहोचणार, इतकं जवळ सगळं.

आणि तळणी दोघांच्याही सारख्याच. दिवाळीत आपण करंजी करतो. ईस्ट इंडियन आणि गोवेकर नाताळात नेवरी करतात. तीच पारी, तोच ओल्या किंवा सुक्या खोबऱ्याचा नाहीतर रव्याचा पुरणाचा थाट, तसाच दुमडलेला अर्धचंद्र. शंकरपाळ्याची चुलत बहीण म्हणजे कुलकुल. गोड पिठाची छोटी गोळी काट्याच्या चमच्यावर किंवा कोऱ्या करकरीत कंगव्यावर दाबून गुंडाळायची, की शंखासारखा आकार येतो, मग तळायचा. थालीस्वीट नावाचा रवा-नारळाचा भाजलेला प्रकार असतो, तो खाऊन बघितल्यावर आपल्या आज्यांना तो परका वाटणं अशक्य. मुलांचे उद्योगही जुळतात. दिवाळीत आपण मातीचा किल्ला करून त्यावर आळीव नाहीतर मोहरी पेरतो, डोंगर हिरवा दिसावा म्हणून. नाताळाच्या गोठ्यात, बाळ येशूच्या आजूबाजूलाही असंच गहू नाहीतर नाचणी पेरून गवत उगवतात. एकात शिवाजी महाराज बसतात, दुसऱ्यात मेंढपाळ.

ताटांची देवाणघेवाण यातून आपोआप सुरू झाली. दिवाळीचं फराळाचं ताट ख्रिस्ती शेजाऱ्याकडे गेलं, आणि आपल्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत, त्यामुळे ते दीड-दोन महिन्यांनी क्रोशाच्या रुमालाखाली नेवऱ्या-कुलकुल घेऊन परतलं. यात काही थोर सर्वधर्मसमभाव बिमभाव कोणी मनात धरला नव्हता. बऱ्याच घरांत तो केक अंडं आहे म्हणून पोरांना बाहेरच्या बाहेर खायला लावायचे आणि ताट मात्र घासून, साखर घालून परत द्यायचे. कोणी कोणाकडे जेवायचं, कोणाचं पाणी चालायचं, याचे नियम शंभर वर्षांपूर्वी कडक होते, आणि ते ताटाआड लपवून उपयोग नाही. पण ताट थांबलं नाही, हेही खरं.

आणखी एक मराठी नाताळ होता, तो पोर्तुगीजांकडून आलेला नव्हता. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ मध्ये. त्यांच्यामुळे जे मराठी प्रोटेस्टंट तयार झाले त्यांचा सण नेवरी-वाइनपेक्षा गाण्याचा होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईतच झाला. त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणले, कीर्तन आणलं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना त्या घरातल्या वादळांची कल्पना असेल. आजही मराठी मंडळ्यांमध्ये नाताळाच्या उपासनेत टाळ-पेटीवर भजन होतं. जिंगल बेल्सच्या शेजारी हे कोणी कधी वाजवत नाही, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच.

माझ्या घरी नाताळ ताटातून आला नाही, ड्युटीच्या रजिस्टरमधून आला. आई परळच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. वॉर्डमध्ये नगरकडच्या मराठी ख्रिस्ती सिस्टर होत्या, केरळच्या होत्या. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्या ड्युटी घ्यायच्या, २४ डिसेंबरच्या रात्री आई. हा करार कोणी लिहिला नव्हता, पण मोडलेला मी पाहिला नाही. पंचवीसला सकाळी आई घरी यायची तेव्हा पिशवीत स्टीलच्या डब्यात कुलकुल असायचे आणि तिचे डोळे तांबारलेले. डबा जाताना तिळगूळ घेऊन जायचा, कारण तोवर संक्रांत यायची.

आता मी तेच करतो. टीममध्ये वसईची एक मुलगी आहे. दिवाळीच्या तीन दिवसांत रात्री-अपरात्री सिस्टिम पडली तर फोन तिच्याकडे वाजतो, नाताळाच्या तीन दिवसांत माझ्याकडे. कोड फ्रीझ असल्यामुळे माझा सौदा बरा आहे, हे तिने मला दोनदा ऐकवलंय. बरोबर आहे तिचं. दिवाळीत सगळा देश खरेदी करत असतो, तेव्हाच सर्व्हर झोपतात. म्हणून यंदा भाऊबीजेची एक रात्र मी घेतली.

शेजार नावाची गोष्ट जिथे उरली नाही तिथे सण वाटून घ्यायची ही एक पद्धत उरलीय. टॉवरमध्ये पंधराव्या मजल्यावरून बाविसाव्या मजल्यावर ताट जात नाही. जातो तो पार्सलचा बॉक्स, आणि तो घेऊन येणाऱ्या पोराला २४ तारखेच्या रात्री जास्तीचे पैसे मिळतात म्हणून तो घरी गेलेला नसतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, त्यांच्या जागी मॉल आणि ऑफिसं आली. जिथे रविवारसाठी सह्या गोळा केल्या त्या भागात आता डिसेंबरभर दिव्यांचं झाड उभं असतं, आणि त्याच्यासमोर फोटो काढायला लालबाग-काळाचौकीहून पोरं येतात. मजा असते. मीही जातो. पण त्या झाडाखालच्या दुकानात उभ्या असलेल्या मुलीला पंचवीसला सुट्टी नसते. तिच्या बाबतीत १८८४ चं निवेदन अजून पूर्ण वाचून झालेलं नाही.

३१ डिसेंबरच्या संध्याकाळी खोताची वाडी, माझगावचं माथारपाखाडी अशा जुन्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये पोरं 'ओल्ड मॅन' करतात. जुनी पँट-शर्ट, आत पेंढा आणि कागद, तोंडात सिगारेट. सरत्या वर्षाचा म्हातारा. त्याच्या नावाने येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पैसे मागतात. त्या पोरांत नेहमी दोन-चार जण शेजारच्या चाळीतले असतात, आणि पैसे मागण्यात तेच पुढे. होळीची वर्गणी मागून सराव झालेला असतो. मध्यरात्री म्हाताऱ्याला पेटवतात.

त्याच मिनिटाला बंदरात उभी असलेली जहाजं भोंगा देतात. सीएसएमटीवर इंजिनांचे आणि लोकलचे हॉर्न एकदम वाजायला लागतात, प्लॅटफॉर्मवर जमलेली गर्दी ओरडते, मोबाइल वर होतात. हॉर्न वाजवणारे मोटरमन ड्युटीवर असतात. एक-दोन मिनिटं वाजवून ते थांबतात, कारण गाडी सोडायची असते.